पाकिटावरचे नाव आणि पाकीट आणणारा

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. पावसाने उघडीप दिली तर सोयाबीनला पाणी कधी द्यावे, कपाशीवर गुलाबी बोंडअळी दिसली तर काय करावे, पेरणीची घाई करावी की थांबावे, असा त्याचा मजकूर असतो. मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत तो छापून येतो, गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. वाचणारा शेतकरी त्यातले प्रत्येक वाक्य पारखून घेत नाही. खाली ‘कृषी विद्यापीठ, परभणी’ एवढे असले की त्याला पुरते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या नावाची पत तेवढ्या वर्षांत उभी राहिली आहे.

आता एक कल्पना करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्यातल्या वार्ताहरांना, कृषी सेवा केंद्रांना, तालुक्याच्या कार्यालयांना एक ई-मेल येतो. पाठवणाऱ्याच्या जागी विद्यापीठाचे नाव, पत्ताही हुबेहूब विद्यापीठाचा. मजकूर एवढाच, की पाऊस लवकर येतो आहे, पेरण्या उरकून घ्या आणि अमुक कंपनीचेच बियाणे वापरा. हे घडलेले नाही, कल्पनाच आहे. पण असा ई-मेल तयार करायला विद्यापीठाची यंत्रणा फोडावी लागत नाही, कुणाचा पासवर्ड चोरावा लागत नाही. पाठवणाऱ्याच्या रकान्यात कुणाचाही पत्ता लिहिता येतो, आणि ई-मेलच्या मूळ रचनेत त्याला अडवणारे काहीही नाही.

शेतकरी कुठे ई-मेल उघडतो, असे यावर कुणी म्हणेल. खरे आहे, तो उघडत नाही. पण त्याच्या व्हॉट्सॲपवर जे येते, ते वर कुठेतरी एखाद्या कार्यालयाच्या, वार्ताहराच्या किंवा दुकानदाराच्या ई-मेलमधून निघालेले असू शकते. विहिरीत काय पडले हे पोहरा ओढणाऱ्याला दिसत नाही.

ही त्रुटी कुणाच्या हलगर्जीपणाने राहिलेली नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी ई-मेलची ने-आण करण्याचे जे नियम लिहून काढले, त्यांच्याच पायावर आजही जगातले ई-मेल चालते. त्या वेळी जाळ्यावर विद्यापीठे, संशोधन संस्था आणि लष्कराशी संबंधित काही शे संगणक होते. जवळजवळ सगळे एकमेकांना ओळखत. वाड्यातल्या वाड्यात कुणी ओळखपत्र मागत नाही, तसाच हा प्रकार. खरे तर त्याआधीच, ३ मे १९७८ रोजी, गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने नव्या संगणकांची जाहिरात सुमारे चारशे जणांना न विचारता पाठवली होती आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली होती. पहिला स्पॅम म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. तरीही नियम लिहिताना आलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा, हेच गृहीत धरले गेले.

त्या नियमांप्रमाणे ई-मेलला दोन नावे असतात, आणि सगळी गोम इथेच आहे. एक नाव पाकिटावरचे. ते यंत्रांपुरते असते: पत्र पोहोचले नाही तर परत कुठे पाठवायचे, एवढ्यासाठी. दुसरे नाव आतल्या कागदाच्या मथळ्यावरचे. आपल्या फोनवर ‘फ्रॉम’ म्हणून जे दिसते ते हे दुसरे. पाकिटावर एक आणि कागदावर दुसरेच नाव असले तरी जुन्या नियमांना त्यात वावगे काही दिसत नाही. कारकून साहेबांच्या वतीने पत्र टाकतो, तेव्हाही असेच असते.

पत्र घेणारा सर्व्हर, म्हणजे आपल्या बाजूचा टपालवाला, समोरच्या सर्व्हरशी चार-पाच वाक्यांचे संभाषण करतो. मी अमुक, हे पत्र तमुकाकडून, हे फलाण्यासाठी, हा घ्या मजकूर. यातले प्रत्येक वाक्य खोटे असू शकते. एकच गोष्ट खोटी सांगणे जवळपास अशक्य असते, ती म्हणजे ज्या संगणकावरून हे संभाषण चालले आहे त्याचा आयपी क्रमांक. उत्तर त्याच क्रमांकावर परत जायचे असते, त्यामुळे तो खोटा दिला तर बोलणेच पुढे सरकत नाही. स्पॅम गाळण्याचा गेल्या तीस वर्षांचा बराचसा इतिहास म्हणजे या एका खात्रीच्या क्रमांकावरून बाकीच्या दाव्यांची पारख करण्याची धडपड आहे.

सुरुवातीला काळ्या याद्या आल्या. १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी यांनी आणि पुढच्याच वर्षी स्टीव्ह लिनफोर्ड यांच्या स्पॅमहाउस या संस्थेने उपद्रवी क्रमांकांच्या याद्या चालवायला घेतल्या. यादीत क्रमांक असेल तर पत्र दारातूनच परत. उपाय जालीम होता आणि आजही वापरात आहे. पण एका क्रमांकाआड शेकडो संस्थांची संकेतस्थळे नांदत असतील, तर एकाच्या पापाची शिक्षा सगळ्यांना होते. स्वस्तातले होस्टिंग घेणाऱ्या लहान गावच्या शाळा-दवाखान्यांना हा जाच आजही सोसावा लागतो, आणि आपण यादीत का गेलो हे त्यांना उमगतही नाही.

मग आला उलट विचारणा करण्याचा मार्ग. पत्र हातात घेण्याआधी आपल्या सर्व्हरने ज्याचे नाव सांगितले जाते आहे त्याच्या सर्व्हरला गाठून विचारायचे: या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का? ऐकायला किती शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात हा उपाय अंगाशी आला. पहिली गोष्ट म्हणजे माणूस आहे एवढेच त्यातून कळते, पत्र त्याने लिहिले का हे कळत नाही. स्पॅम धाडणाऱ्यांनी मग खोटे पत्ते रचण्याऐवजी खऱ्या माणसांचे खरे पत्ते लावायला सुरुवात केली. दुसरी गोष्ट याहून वाईट. एखाद्या बिचाऱ्याच्या नावाने दहा लाख खोटी पत्रे सुटली, की जगभरचे सर्व्हर त्याच्याच दाराशी चौकशीला येऊन उभे राहत. ज्याचे नाव चोरीला गेले तोच या गर्दीत गुदमरायचा. शिवाय कोणते पत्ते जिवंत आहेत हे हुडकण्यासाठी स्पॅमवाले स्वतःच ही युक्ती वापरू लागले. मोठ्या सेवांनी अशा चौकशांना उत्तर देणे बंद केले किंवा सगळ्यांनाच ‘हो, आहे’ म्हणायला सुरुवात केली, आणि चौकशीचा अर्थ संपला.

याच काळातली, २००३ ची, एक युक्ती मात्र आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात ये-जा करणाऱ्याला लगेच समजेल. अनोळखी सर्व्हर पत्र घेऊन आला की त्याला सांगायचे, ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या.’ खरा टपाल सर्व्हर रांगेत थांबतो आणि पाव-अर्ध्या तासाने पुन्हा येतो, कारण नियमच तसा आहे. स्पॅम ओतणारे हंगामी यंत्र पुन्हा फिरकत नाही, त्याला पुढची लाख दारे ठोठवायची असतात. निव्वळ ‘नंतर या’ एवढ्याने पुष्कळ कचरा बाहेर राहिला. पुढे स्पॅमवालेही धीर धरायला शिकले, आणि तेव्हापासून या युक्तीची धार कमी झाली.

टिकाऊ उपाय निघाला तो चौकशीची दिशा बदलून. घेणाऱ्याने शोध घेत बसण्यापेक्षा नावाच्या मालकानेच आधी जाहीर करावे, की आमच्या नावाने पत्रे आणण्याचा अधिकार या या यंत्रांना आहे. प्रत्येक डोमेनचे, म्हणजे इंटरनेटवरच्या नावाचे, एक सार्वजनिक नोंदपत्रक असते. त्याला डीएनएस म्हणतात आणि ते कुणालाही वाचता येते. त्यात एक ओळ लिहायची: आमचे टपाल या क्रमांकांवरून येईल. या पद्धतीचे नाव एसपीएफ. २००६ मध्ये ती प्रमाण नियमांच्या मसुद्यात आली आणि २०१४ मध्ये तिला आजचे रूप मिळाले. ओळीच्या शेवटी एक चिन्ह असते, आणि सारा जोर त्या चिन्हात असतो. उणे असेल तर इतर कुणी आणलेले पत्र नाकारा. नागमोडी रेघ असेल तर संशयाने पाहा. अधिक असेल तर कुणीही आणले तरी चालेल. शेवटची सूट देऊन ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवणे. तरीही अडचण नको म्हणून ती देणारे आढळतात.

ही यादी एकदा लिहून विसरून जाण्याची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती एनआयसीच्या व्यवस्थेतून झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर हलवण्यात आल्याचे २०२५ मध्ये समोर आले. पत्त्यातले सरकारी नाव तेच राहिले, पत्र वाहून नेणारी यंत्रे बदलली. अशा प्रत्येक स्थलांतरात नोंदपत्रकातली ओळ आधी बदलावी लागते, नाहीतर खरी पत्रे खोटी ठरतात.

एसपीएफमध्ये दोन भोके राहिली. पहिले भोक पुढे पाठवलेल्या पत्रांचे. बँकेने प्राचार्यांच्या कॉलेजच्या पत्त्यावर पत्र धाडले आणि कॉलेजच्या सर्व्हरने ते त्यांच्या जीमेलकडे आपोआप वळवले, तर जीमेलला काय दिसते? नाव बँकेचे, आणणारा कॉलेजचा सर्व्हर. बँकेच्या यादीत तो नाही, म्हणजे संशय. दुसरे भोक अधिक घातक. एसपीएफ फक्त पाकिटावरचे नाव तपासते. भामट्याने पाकिटावर स्वतःचे नाव खरेखुरे लिहिले आणि आतल्या मथळ्यावर विद्यापीठाचे किंवा बँकेचे, तर तपासणीत तो उत्तीर्ण होतो. वाचणाऱ्याला दिसतो तो आतला मथळा.

पहिल्या भोकावरचा उपाय मराठी माणसाला नवा नाही. ऐतिहासिक मराठी पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब असे. मुद्रा सांगे की पत्र कुणाचे. मोर्तब सांगे की पत्र इथे संपले, याखाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. डीकेआयएम ही २००७ पासूनची पद्धत ही दोन्ही कामे गणिताने करते. पाठवणारा सर्व्हर पत्राच्या मजकुरावरून आणि मथळ्यावरून एक सही काढतो. सहीची गुप्त किल्ली त्याच्याकडेच राहते, ती पडताळण्याची किल्ली मात्र त्याच नोंदपत्रकात सर्वांसाठी उघडी असते. वाटेत पत्र दहा सर्व्हरांच्या हातून गेले तरी सही शाबूत राहते, आणि बिलातल्या खाते क्रमांकाचा एक आकडा कुणी बदलला तर ती मोडते. गंमत म्हणजे मजकुराच्या अमुक अक्षरांपर्यंतच सही धरावी, पुढचे सोडून द्यावे, अशी एक सवलत या पद्धतीतही ठेवलेली आहे. तिचा वापर करून सहीच्या खाली खोटा मजकूर चिकटवता येतो, म्हणून जाणकार ती वापरू नका असे बजावतात. मोर्तब कशासाठी असे, हे त्यावरून कळते.

दुसरे भोक बुजवले डीमार्कने. गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट, पेपल आदी कंपन्यांनी २०१२ मध्ये ही पद्धत पुढे आणली आणि २०१५ मध्ये तिचा मसुदा प्रसिद्ध झाला. तिचा आग्रह एकच आहे. वाचकाला जे नाव दिसते, त्याच नावाशी पाकिटाची किंवा सहीची तपासणी जुळली पाहिजे. जुळली नाही तर काय करायचे, हेही नावाच्या मालकानेच लिहून ठेवायचे: काही करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा दारातूनच परत पाठवा. सुरुवातीच्या कल्पनेतला तो पेरणीचा ई-मेल अडतो तो या तिसऱ्या सूचनेने.

हे किती गरजेचे आहे, याचा धडा आरोग्याच्या बाबतीत देशाने २०२० मध्ये घेतला. त्या वर्षीच्या जूनमध्ये, टाळेबंदीने माणसे धास्तावलेली असताना, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने इशारा दिला, की सरकारी पत्त्यासारख्या दिसणाऱ्या ‘एनकोव्ह२०१९’ या खात्यावरून लोकांना ई-मेल येऊ शकतात. विषय असेल मोफत कोविड चाचणीचा, दिल्ली, मुंबई, हैदराबाद, चेन्नई आणि अहमदाबादच्या रहिवाशांसाठी. पत्त्याच्या शेवटी सरकारी डोमेनच लावलेले. २० लाख भारतीयांचे पत्ते आपल्याकडे असल्याचा भामट्यांचा दावा होता. चाचणीच्या रांगेतल्या माणसाने तेव्हा पत्त्याचे शेपूट तपासले असते तरी ते खरेच दिसले असते. नजरेने पकडता येणारी ही लबाडी नव्हती. ती पकडायची असेल तर यंत्रानेच यंत्राला विचारायला हवे.

या पडताळण्या वर्षानुवर्षे ऐच्छिक होत्या. ऐच्छिकपणा संपला फेब्रुवारी २०२४ मध्ये. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना गूगलने एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे केले, आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवायला सांगितले. याहूनेही तेच केले. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून आउटलुकच्या व्यक्तिगत खात्यांसाठी तोच नियम लावला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून गूगलने अंमलबजावणी आणखी कडक केली. थोडी पत्रे पाठवणाऱ्यांनाही किमान एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि सर्व्हरच्या क्रमांकावरून नाव व नावावरून क्रमांक जुळणे आवश्यक झाले. विनापडताळणीच्या पत्रांवर निर्बंध आणल्यावर जीमेलवर येणारी अशी पत्रे ७५ टक्क्यांनी घटली, असे गूगलने हे नियम जाहीर करतानाच सांगितले होते. म्हणजे गाळणी काम करते.

प्रश्न आहे तो गाळणीत कोण अडकते याचा. मोठ्या बँका, विमा कंपन्या, खरेदीची ॲप यांच्याकडे या कामासाठी माणसे असतात. जिंतूर किंवा गंगाखेडच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबकडे नसतात. अशा लॅबचे सॉफ्टवेअर रुग्णाला अहवाल ई-मेलने पाठवते. सॉफ्टवेअर तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर चालते आणि पाठवणाऱ्याच्या जागी लॅबचे नाव लावते. लॅबच्या नोंदपत्रकात त्या कंपनीचा उल्लेख नसेल, तर तो खरा अहवाल तोतयाच्या रांगेत जाऊन बसतो. रुग्ण दोन दिवस वाट पाहतो, मग फोन करतो, लॅबवाले म्हणतात, ‘पाठवलाय की!’ दोघेही खरे बोलत असतात. कॉलेजचे प्रवेशपत्र, मुलाखतीचे बोलावणे, शिष्यवृत्तीच्या अर्जातली त्रुटी कळवणारे पत्र, यांचेही हेच होऊ शकते. तिथे दोन दिवसांत मुदत निघून गेलेली असते.

बऱ्याच लहान संस्थांनी यावर सोपा मार्ग काढलेला दिसतो: संस्थेचा पत्ताच जीमेलचा ठेवायचा. पत्र जीमेलमधून पाठवले तर तपासणीत ते चोख उतरते. पण नावाची मालकी मग संस्थेकडे राहत नाही. संस्थेच्या नावात एक आकडा वाढवून उद्या कुणीही जुळे खाते उघडू शकतो, आणि त्याचीही पत्रे तितकीच चोख उतरतात. उलट, पत्ता जीमेलचा आणि पत्र मात्र संस्थेच्या संकेतस्थळावरच्या सॉफ्टवेअरने पाठवलेले, असा प्रकार असेल तर ते पत्र जीमेलच्या दृष्टीने सरळ बनावट ठरते. सदाशिवरावभाऊंचा तोतया निकालात काढायला पेशवाईला वर्षे लागली. हा तोतया ठरवायला सेकंदही लागत नाही, फक्त इथे तोतया ठरतो तो खरा माणूस.

पडताळणीवर भिस्त ठेवताना तिची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. पत्र ज्याच्या नावाने आले त्याच्याच यंत्रावरून आले, एवढेच ती सांगते. तो माणूस सज्जन आहे, असे ती म्हणत नाही. समजा मानवतच्या एखाद्या जिनिंग कारखान्याने गुजरातेतून यंत्राचे सुटे भाग मागवले आहेत. पुरवठादाराच्या नावात एका अक्षराचा फरक करून भामटा स्वतःचे नवे डोमेन विकत घेतो, त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळे व्यवस्थित लावतो आणि कळवतो, की आमचे बँक खाते बदलले आहे. तपासणीत हे पत्र शंभर टक्के उत्तीर्ण. किंवा पुरवठादाराच्याच खऱ्या खात्याचा पासवर्ड चोरीला गेला, तर प्रश्नच मिटला. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला बॉम्बची धमकी देणारा ई-मेल आला आणि इमारत रिकामी करावी लागली, धमकी पोकळ निघाली. अशी पत्रे गाळणीने थांबत नाहीत, आणि धमकीची दखल न घेण्याची मुभाही कुणाला नसते. खाते बदलल्याचे पत्र आले तर आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारणे, याला आजही पर्याय नाही. पैसे गेलेच, तर १९३० वर तातडीने कळवावे लागते.

रिझर्व्ह बँकेने याच दिशेने एक मोठे पाऊल टाकले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना तिकडे जायला सांगितले. नोंदणीचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे, म्हणजे भामट्याला त्या कुंपणात नाव विकत घेता येत नाही. एका अक्षराच्या फरकाची लबाडी त्यामुळे बँकांपुरती अवघड झाली. मात्र नवे नाव घेऊन डीमार्कची सूचना ‘काही करू नका’ वरच ठेवली, तर बँकेचे ते राखीव नाव मथळ्यावर लिहायला कुणालाही आडकाठी नाही. कुंपणाचे काम रिझर्व्ह बँकेने केले, फाटकाची कडी ज्याने त्याने लावायची आहे. जिल्ह्यातल्या नागरी सहकारी बँका आणि मध्यवर्ती बँका यांच्या ठेवीदारांनी वार्षिक सभेत लाभांशाबरोबर हाही प्रश्न विचारायला हरकत नाही.

कायद्याची बाजू लंगडी आहे, आणि तिची हकीकत महाराष्ट्रातूनच जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या कलमाचे तिसरे पोटकलम नेमके या विषयावर होते: पत्र कुणाकडून आले याबद्दल घेणाऱ्याची दिशाभूल करणारा किंवा त्रास देण्यासाठी पाठवलेला ई-मेल हा गुन्हा. पण हे कलम गाजले ते वेगळ्याच कारणाने. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली आणि देशभर संताप उसळला. त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरवले. निकाल योग्यच होता, इतकी मोघम भाषा अभिव्यक्तीच्या मुळावर उठणारी होती. मात्र त्या झाडाबरोबर ही फांदीही गेली, आणि तिच्या जागी नेमक्या शब्दांचे नवे पोटकलम कुणी लिहिले नाही. तोतयेगिरी करून फसवणूक झाली तर ६६-ड लागू होते, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. नुसत्या नको असलेल्या ई-मेलसाठी मात्र भारतात स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेने तो २००३ मध्ये केला.

एसएमएसच्या बाबतीत आपण बरेच पुढे गेलो आहोत. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनी व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याला आपले नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. २०२५ पासून त्या नावापुढे पी, एस, टी किंवा जी अशी खूणही दिसते: जाहिरात, सेवा, व्यवहार की सरकार. ट्रायची हुकमत दूरसंचार कंपन्यांवर चालते, ई-मेलवर नाही. त्यामुळे भारतीयांच्या ई-मेलची दारे कशी राखायची, याचा निर्णय सध्या कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यातल्या दोन-तीन कंपन्या घेतात. त्यांनी तो चांगला घेतला आहे, हे मान्य करूनही ही स्थिती फारशी सुखाची नाही. परभणीच्या एखाद्या दवाखान्याची पत्रे अडू लागली, तर दाद मागायला इथे कुठलीही खिडकी नाही.

आपल्याला आलेले पत्र तपासायचे असेल, तर संगणकावरच्या जीमेलमध्ये पत्राच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमागे ‘शो ओरिजिनल’ असा पर्याय असतो. तिथे तिन्ही तपासण्यांचे निकाल ‘पास’ किंवा ‘फेल’ असे लिहिलेले असतात. फोनवर पाठवणाऱ्याच्या तपशिलात ‘मेल्ड बाय’ आणि ‘साइन्ड बाय’ यांपुढे कोणते नाव आहे, तेवढे पाहता येते. पाठवणाऱ्याच्या चित्राच्या जागी प्रश्नचिन्ह दिसले, तर जीमेलला त्याची ओळख पटलेली नाही.

संस्थांसाठी काम थोडे अधिक आहे, पण त्याला यंत्रसामग्री लागत नाही, परवाना लागत नाही. नोंदपत्रकात तीन ओळी लिहायच्या. ज्या डोमेनवरून संस्था ई-मेल पाठवतच नाही, त्यावर ‘आमच्या नावाने कुणीही पत्र आणू शकत नाही’ अशी ओळ टाकून ठेवायची, कारण भामट्यांना निजलेली नावे जास्त आवडतात. डीमार्कची सुरुवात ‘काही करू नका, फक्त कळवा’ या सूचनेने करायची असते. मग गूगलसारख्या सेवा रोज एक अहवाल धाडतात: काल तुमच्या नावाने अमुक क्रमांकांवरून इतकी पत्रे आली, त्यांतली इतकी जुळली, इतकी नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत त्यातून विसरलेलीच यंत्रे समोर येतात. फीची पावती पाठवणारे सॉफ्टवेअर, परीक्षा विभागाची वेगळी सेवा, कुणीतरी तीन वर्षांपूर्वी लावलेला संकेतस्थळावरचा अर्ज. ती यादीत घ्यायची, उरलेले क्रमांक परके आहेत अशी खात्री झाली की सूचना कडक करायची.

अनेक ठिकाणी काम अडते ते याच्याही आधी. ओळी लिहायच्या तर डोमेनच्या खात्यात शिरावे लागते, आणि संकेतस्थळ करून देणारा मुलगा तोवर पुण्याला नोकरीला गेलेला असतो. पासवर्ड त्याच्याकडे, नूतनीकरणाची आठवण करून देणारे पत्र त्याच्या जुन्या पत्त्यावर. तेव्हा परभणीत असो की पाथरीत, कामाची सुरुवात त्याचा फोन नंबर शोधण्यापासून होते.